घसरला म्हणजे संपला का?

घरातला कर्ता तरुण व्यसनमुक्ती केंद्रातून परततो, तीन-चार महिने नीट राहतो आणि एका संध्याकाळी पुन्हा पिऊन येतो. त्या रात्री घरात एकच वाक्य उच्चारले जाते, ‘हा सुधारणार नाही.’ हे वाक्य किती घातक आहे, ते जी. अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाच्या कार्यावरून कळते.

व्हँकूव्हर येथे १९४१ साली जन्मलेल्या मार्लाट यांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुमारे चार दशके, २०११ मध्ये मृत्यू होईपर्यंत, व्यसनांचा अभ्यास केला. पहिला घोट पोटात गेला की मद्यपीचे शरीरच त्याला पुढे ओढते, अशी दृढ समजूत होती. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी काहींना व्होडका घातलेले टॉनिक दिले, काहींना नुसतेच. पेल्यात काय आहे हे सांगताना काहींना खरे सांगितले, काहींना मुद्दाम उलटे. आपण व्होडका पितो आहोत असे ज्यांना वाटले तेच अधिक प्याले. मग पेल्यात ती असो वा नसो. दोरी मनाच्याही हाती असते, हे त्यातून दिसले.

ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथाचे सूत्र असे, की एकदा पाय घसरणे वेगळे आणि दरीत कोसळणे वेगळे. या दोहोंमध्ये उभी असते ती ‘मी नालायकच’ ही भावना. आपले ते वाक्य नेमके तिलाच खतपाणी घालते.

मग काय, लाड करायचे? मुळीच नाही. भांडण, नैराश्य, मित्रांचा आग्रह असे धोक्याचे क्षण आधीच ओळखून त्यांची तयारी करावी, ही त्यांची शिकवण शिस्तीचीच आहे. पूर्ण संयम न साधणाऱ्यालाही मदत करावी, हे त्यांचे मत मात्र अमेरिकेतही वादग्रस्त ठरले. ते सर्वांनाच पटेल असे नाही.

इगतपुरीला शिकवली जाते ती विपश्यना त्यांनी सिअ‍ॅटलच्या तुरुंगात अभ्यासली. शिबिर केलेल्या कैद्यांचे सुटकेनंतर तीन महिन्यांनी मद्य व अमली पदार्थांचे सेवन इतरांपेक्षा कमी आढळले, असा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. कैद्यांनी शिबिर स्वेच्छेने निवडले होते, म्हणून एवढ्यावर नगारे वाजवू नयेत. पण आपल्या ठेव्याची अशी कसोटी आपणही घ्यायला हवी.

तोवर निदान एवढे करू. तो पुन्हा घसरून दारात उभा राहील, तेव्हा निकाल देण्याआधी विचारू, ‘आज काय झालं रे?’