विश्लेषण : डोळ्यातील पेशी काम करतात का, हे स्कॅनमधून कळेल?

डोळ्यांच्या दवाखान्यात होणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये रेटिनाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दिसतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी शिल्लक आहेत का, याचा अंदाज त्यातून येतो. पण शिल्लक पेशी काम करत आहेत का, हे साध्या स्कॅनमधून कळत नाही. ते दाखवण्याचा प्रयत्न 'ऑप्टोरेटिनोग्राफी' हे नवे तंत्र करत आहे, तेही डोळ्याला हात न लावता.

सध्या तपासणी कशी होते?

'ईआरजी' चाचणीत इलेक्ट्रोड लावून, प्रकाश पडल्यावर रेटिनात तयार होणारे विद्युत संकेत मोजतात. नेहमीच्या पद्धतीत निकाल संपूर्ण रेटिनाचा एकत्रित मिळतो. दुसरी फील्ड टेस्ट. ठिपका दिसला की रुग्णाने बटण दाबायचे. तो थकला किंवा त्याचे लक्ष विचलित झाले, तर निकाल बदलतो.

नवे तंत्र काय मोजते?

प्रकाश पडताच या पेशींच्या बाहेरच्या टोकाकडील भागाची लांबी बदलते. पहिल्या काही मिलिसेकंदांत तो आकसतो, मग हळूहळू लांबतो. हा बदल नॅनोमीटरमध्ये असतो आणि माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो! त्या भागाच्या दोन्ही टोकांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींची तुलना करून ओसीटी हा बदल पकडते.

जर्मनीतील ल्युबेक येथील संशोधकांनी २०१६ मध्ये जिवंत मानवी डोळ्यातील एकेका शंकूपेशीचा असा प्रतिसाद टिपला. सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये सुरुवातीचे आकसणेही मोजून दाखवले. अनेक प्रयोगांत खगोलशास्त्राच्या दुर्बिणींतून आलेले 'अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स' वापरतात. डोळ्याच्या स्वतःच्या दोषांमुळे येणारा धूसरपणा त्याने कमी होतो.

रुग्णांना फायदा काय?

रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या आनुवंशिक आजारांत दृष्टी वर्षानुवर्षे हळूहळू कमी होते. त्यामुळे औषध लागू पडते आहे का, हे कळायलाही बराच काळ जातो. आरपीई६५ जनुकातील दोषावरच्या जीन थेरपीला अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. तिची तिथली किंमत दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर होती. अशी थेरपी मेलेल्या पेशी परत आणू शकत नाही. म्हणून कोणत्या पेशी जिवंत आहेत आणि उपचारानंतर त्या प्रतिसाद देतात का, हे लवकर कळणे महत्त्वाचे आहे.

मग दवाखान्यात का नाही?

यंत्रणा महाग आणि गुंतागुंतीची आहे. रुग्णाला नजर स्थिर ठेवावी लागते आणि आजारी डोळ्यात नेमके तेच अवघड असते. मोतीबिंदू असेल तर प्रतिमा खराब होते. शिवाय निरोगी डोळ्याचा प्रतिसाद वयानुसार किती असावा, याचे सर्वमान्य मापही हवे. ते ठरले, तरच एखाद्या रुग्णाचा आकडा पाहून डॉक्टरांना उपचाराचा निर्णय घेता येईल.