लेबल अल्बममध्ये, हात कुठे?

बोदवडच्या एका ओळखीच्या संग्राहकाने परवा आपला अल्बम दाखवला. जुन्या विडीबंडलांची लेबलं. लक्ष्मी, वाघ, विमान, पगडीवाला राजा. तो कौतुकाने म्हणाला, "हा आपला वारसा." मी विचारलं, "आपला म्हणजे कोणाचा?"

विलायतेत सिगारेटच्या पाकिटात चित्रांची कार्डं घालत. पाकीट ताठ राही आणि संच पुरा करण्याच्या नादात गिऱ्हाईक बांधलं जाई. आपल्याकडे गिऱ्हाईक धरून ठेवण्याचं काम विडीच्या लेबलाने केलं. अक्षर न येणाऱ्यालाही चित्र ओळखू येतं. म्हणून देव आणि राजे मालकाचा माल विकायला उभे राहिले. तेंदूचं पान कापून, तंबाखू भरून, दोरा बांधणारी बाई मात्र त्या अख्ख्या अल्बममध्ये कुठेच नव्हती. हजारामागे मजुरी घेणारी, आणि खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे कापून घेणारी ती बाई.

२०२० मध्ये 'संभाजी विडी'च्या नावावरून आंदोलन झालं, पुढे नाव बदललं. योग्यच झालं. पण २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठीचा उपकर बंद झाला, तेव्हा किती जण रस्त्यावर आले? वेष्टनावरच्या नावासाठी समाज पेटतो, वेष्टनामागच्या पोटासाठी पेटत नाही. हीच जातीची नजर आहे.

आता पाकिटावर कर्करोगाचं चित्र असतं. तेही ओढणाऱ्यासाठी. वळणारीची छाती त्यातही दिसत नाही.

मित्रांनो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी विडी मजुरांची संघटना बांधली. १९३७ मध्ये ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले. १९३९ मध्ये, ऐन पस्तिशीत, क्षयाने वारले. 'जय भीम' हे अभिवादन रुजवण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. म्हणजे आपण रोज जो शब्द उच्चारतो, तो विडी मजुरांच्या पुढाऱ्याने दिलेला आहे.

लेबलं जाळा असं मी म्हणत नाही. जमवा. पण प्रत्येक लेबलाशेजारी एक कोरं पान ठेवा. वस्तीत जा, विडी वळलेल्या आजीला विचारा: हजाराला किती मिळायचे? किती कापायचे? कधीपासून खोकला आहे? ते लिहून काढा. तोवर तो अल्बम मालकाची जाहिरातच राहील, फुकटात चाललेली.

जय भीम!