अर्ध्या गोळीचा सल्ला

‘किडनी जरा कमजोर आहे ना, मग दुखण्याची गोळी अर्धीच घ्या,’ असा सल्ला शेजारीपाजारी सर्रास दिला जातो. कधी कधी दवाखान्यातही. ऐकायला तो समजूतदार वाटतो. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांपुरता मात्र तो फसवा आहे.

या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज आणि ठणका उतरतो. पण थकलेल्या मूत्रपिंडात रक्त नेणारी वाहिनी रुंद ठेवण्याचे कामही हीच द्रव्ये करतात. डोस निम्मा केला तर धोका कमी होईल, संपणार नाही. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल तर या गोळ्या टाळायच्याच. ३० ते ६० असेल तर दीर्घकाळ घ्यायच्या नाहीत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर गुडघ्यासाठी ही तिसरी, हे त्रिकूट घराघरांत आढळते. त्यात एखाद्या दिवशी जुलाब-उलट्या झाल्या की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते.

डोस बेतायचा असतो तो इतर औषधांचा. ट्रॅमाडॉलची साधी गोळी गाळणक्षमता ३० खाली असल्यास दर १२ तासांनी, दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. प्रीगाबालिन ३० ते ६० च्या टप्प्यात निम्मे, त्याखाली आणखी कमी. नाहीतर रुग्ण झिंगतो, पडतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. मॉर्फिनचे अवशेष साचतात, त्यामुळे शक्यतो दुसरा पर्याय शोधावा. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत पहिली पसंती. फक्त सर्दीच्या गोळीतही तेच नाही ना, हे पाहावे. दुखणे अंगावर काढा, असे सांगणे हा उपचार नव्हे.

खरी अडचण गाळणक्षमता कळण्याची आहे. ७० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.१ आले तर बहुतेक जण ‘नॉर्मल’ म्हणून कागद घडी घालून ठेवतात. वय आणि वजन धरून हिशेब केला तर क्षमता निघते सुमारे ३४! स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी.

प्रयोगशाळांनी क्रिएटिनिनच्या शेजारी हा आकडा प्रत्येक वेळी छापावा, डॉक्टरांनी तो चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहावा. मग मेडिकलवालाही गोळीची पट्टी देण्याआधी थांबून विचारू शकेल.