ऊस एक, गिऱ्हाइकं अनेक

बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीचे पाच प्रकार आहेत: प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष, संयुक्त, संमिश्र आणि स्पर्धात्मक. पोरं ते पाठ करतात आणि उदाहरणादाखल पेन-शाई, चहा-कॉफी लिहून मोकळी होतात. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या पोरानं तरी असं का करावं? त्याच्या बांधापलीकडच्या उसात यातले बहुतेक प्रकार उभेच आहेत.

रसवंती आणि तुळशीच्या लग्नाचा मांडव सोडला, तर ऊस कुणी उसासाठी घेत नाही. कारखाना घेतो तो साखरेसाठी, म्हणून ही मागणी अप्रत्यक्ष. तोच ऊस भीमेपलीकडे केडगाव-राहू पट्ट्यातल्या गुऱ्हाळांना हवा असतो, दुष्काळात जनावरांपुढेही पडतो, ही संमिश्र. चहात साखर की गूळ, ही स्पर्धात्मक. गुळाच्या चहाच्या पाट्या हल्ली हायवेला किती दिसतात!

पुस्तक पुढे सांगतं, की भावामुळे मागणी कमी-जास्त झाली तर ते विचलन. भाव तोच राहून उत्पन्न, आवड, लोकसंख्या अशा कारणांनी ती हलली तर तो मागणीतला बदल. उसाचा किमान भाव तर केंद्र सरकारच ठरवतं. 2024-25 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे हा किमान भाव, साखरेच्या 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये होती. मग आमच्याकडे मागणी हलवतं कोण?

7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. पाऊस कमी झाला होता, साखर महागू नये ही काळजी होती. नंतर थोडी सूट मिळाली, पण बंदी पूर्ण उठायला ऑगस्ट 2024 उजाडला. त्या आदेशाच्या दुसऱ्याच दिवसापासून कांद्याची निर्यातही बंद. शिरूर तालुक्यात ऊसही पिकतो आणि कांदाही! बांगलादेशातल्या माणसाची कांद्याची आवड कमी झाली नव्हती, त्याच्या खिशातले पैसेही संपले नव्हते. तरी इथल्या कांद्याचं एक गिऱ्हाईक रातोरात गेलं. पुस्तकातल्या कारणांच्या यादीत सरकारी धोरणाला एखादी ओळ मिळते. मी त्याला पहिला नंबर देईन.

दुसरा नंबर कारखान्याच्या धुराड्याचा. न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना बंद राहिला, आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीत तो शिरूरचा एक मोठा मुद्दा झाला. देशात साखर चमचाभरही कमी खपली नाही. पण गावचं गाळप थांबलं की ऊस दूरच्या कारखान्याला घालावा लागतो, आणि तोडीसाठी त्याच्या टोळीची वाट पाहावी लागते. तोवर उसाला तुरे येतात, वजन घटतं.

अशा वेळी शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नाही, हे गुऱ्हाळवाल्यालाही ठाऊक असतं. तो दर सांगायची घाई करत नाही.