मूठ नव्हे, चमचा



कपडे धुण्याची एक किलोची पुडी तुमच्या घरी किती दिवस पुरते? हा प्रश्न मी परवा तीन शेजारणींना विचारला. एक म्हणाली आठ दिवस, दुसरी म्हणाली पंधरा. तिसरी हसली आणि म्हणाली, "कोन मोजते वं बाई? सरली का आनतो." तिन्ही घरांत माणसे पाच-सहाच, तिन्ही घरी शेतीचेच काम. मग हा फरक पडतो कोठे?

तो मुठीत पडतो. मी किराणा दुकानदाराच्या काट्यावर मुद्दाम मुठी मोजून पाहिल्या. माझी मूठ भरली ५० ग्रॅम, मुलीची ३०. सासूबाई चिमटीने टाकतात असे म्हणत होत्या, पण त्यांच्या तीन चिमटी ४० ग्रॅमच्या निघाल्या! दुकानदार म्हणाला, "काकू, आता हळदही अशीच मोजा." हसण्यावारी नेले, पण हिशेब हसण्यासारखा नाही. रोज २० ग्रॅम पावडर फुकट गेली, तर वर्षाला सात किलोच्या वर जाते. मिठाची चिमूट चुकली तर घरातला माणूस पहिल्याच घासाला बोलतो. पावडरीची मूठ चुकली तर कोणी बोलत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे चुकत राहते.

पूर्वी साबणाच्या वडीला मापाची गरजच नव्हती. वडी कपड्यावर घासायची, फेस आला की हात आपोआप थांबायचा. पावडर आली आणि हे माप हातातून गेले. अहमदाबादेत १९६९ साली निरमा सुरू झाली आणि पुढे स्वस्त पावडर खेडोपाडी पोचली. सोय झाली हे खरेच. धुणे लवकर आटोपू लागले, कंबर वाचली. पण बादलीत किती ओतायचे, हे सांगायला पुडीवरच्या बारीक अक्षरांशिवाय कोणी उरले नाही, आणि ती अक्षरे वाचतो कोण?

आता आपल्या भागाची खरी गोष्ट. माझे माहेर सातपुड्याच्या पायथ्याचे. लग्न होऊन दर्यापूरकडे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी पावडरीला नावे ठेवली. माहेरी एका मुठीत बादली फेसाने भरायची, इथे दोन मुठी टाकल्या तरी वर नुसती साय आल्यासारखे दिसे. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, पावडरीले काहाले बोलतं? पानीच खारं हाय आपलं."

त्यांचे बोलणे शंभर टक्के खरे होते. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला खारपाणपट्टा तुम्हाला ठाऊकच आहे. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. त्यांतले चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला पकडतात आणि त्याचा पांढरा चोथा करतात. तो चोथा मळ काढत नाही, उलट कपड्यालाच चिकटतो. धोतर-सदरा नवा असूनही करडा दिसतो, टॉवेल पापडासारखा कडक होतो, तो यामुळे. जड पाण्यात पावडर साबणापेक्षा बरी चालते, पण तिचाही पहिला हिस्सा पाण्याशी झुंजण्यातच खर्च होतो. मळ काढायला उरेल तो पुढचा.

म्हणजे माप आधी पाण्याचे, मग मळाचे. आणि पाणी तर आता एका घरात दोन-दोन प्रकारचे असते. वान धरणाचे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांत, शहानूरचे अंजनगाव-दर्यापूरकडच्या गावांत नळाने येते. नळ आला त्या दिवशी गोड पाण्यात धुणे, नाही आला की बोअरच्या पाण्यात. पावडरीची मूठ मात्र दोन्ही दिवशी तीच! बोअरच्या पाण्याची सवय लागलेली बाई गोड पाण्यातही तेवढीच ओतते. मग फेस निघता निघत नाही, चार-चार वेळा खंगाळावे लागते, आणि आठवड्याने आलेले ते गोड पाणी फेस काढण्यातच संपते. उन्हाळ्यात हे पाहिले की माझा जीव तुटतो.

आपले पाणी कसे आहे ते घरीच पाहता येते. स्वच्छ बाटली अर्धी भरा. तेलाच्या साध्या साबणाचा नखभर कीस त्यात टाका. पावडर टाकू नका, तिचा फेस जड पाण्यातही थोडाफार येतो आणि फसवतो. झाकण लावून जोरात हलवा. वर दाट फेस राहिला आणि खालचे पाणी बऱ्यापैकी नितळ दिसले, तर पाणी हलके. फेस बसला, पाणी दुधट झाले, चोथा तरंगू लागला, तर पाणी जड. नळाची एक आणि विहिरीची एक, अशा दोन बाटल्या शेजारी ठेवून पाहा. शाळेत जाणाऱ्या पोरांना हा खेळ फार आवडतो, त्यांच्याकडूनच करवून घ्या.

मग माप ठरवू. धुण्यासाठी एक मोठा चमचा वेगळा काढा आणि तो पावडरीच्या डब्यातच ठेवा. माझ्या चमच्यात सपाट भरून १० ग्रॅम बसते. शीग लावली की दीडपट होते, म्हणून बोटाने सपाट करायचे. दहा-बारा लिटरची बादली आणि पाच-सहा रोजचे कपडे धरले, तर नळाच्या पाण्याला मी दोन चमचे टाकते, बोअरच्या पाण्याला तीन. तुमची पावडर वेगळी असेल, तेव्हा पुडीवरचे माप एकदा पोराकडून वाचून घ्या आणि तिथून सुरुवात करा. आठ दिवस अर्धा-अर्धा चमचा कमी करत जा. कपडे चोळून होईपर्यंत थोडा फेस टिकला तर माप बरोबर आहे. मधेच फेस मेला आणि पाणी चिकट-काळे झाले तर कमी पडले. तिसऱ्या पाण्यातही फेस येत राहिला तर नक्की जास्त झाले.

फेस पुष्कळ म्हणजे कपडा स्वच्छ, ही समजूत जाता जात नाही. ढीगभर फेसात कपडा कपड्याला नीट घासलाच जात नाही. दोन टबांच्या मशीनमध्ये तर फेस वर येऊन सांडतो आणि मळ आतच राहतो. उरलेली पावडर कपड्यात वाळते, घाम आला की अंगाला खाजते. तान्ह्या बाळाच्या लंगोटांना आणि म्हाताऱ्या माणसांच्या लुगड्या-धोतरांना याचा त्रास आधी होतो. धुणाऱ्या बाईच्या हातांना पडणाऱ्या भेगा तर रोज दिसतात.

पावडर वाचवायची खरी युक्ती बादलीच्या बाहेर आहे. आपली काळी माती ओली असताना चोळली की सुतात शिरते. चिखलाचा कपडा आधी वाळू द्या, झटका, मग साध्या पाण्यातून एकदा काढा. निम्मी माती तिथेच जाते. भिजवायला अर्धा तास पुष्कळ झाला. आणि पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी, पहिल्या सरी वाहून जाऊ दिल्यावर, टाकीत धरा. त्या पाण्यात माझा एकच चमचा पुरतो. खारपाणपट्ट्यात धुण्यासाठी याहून चांगले पाणी नाही.

परिटांना हे सारे ठाऊक होते. भट्टीत खार जास्त झाला की सूत कुजायचे, कमी पडला की मळ तसाच. माप हातात नसेल तर गिऱ्हाईक जायचे. गाडगेबाबाही परिटाच्याच घरचे, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले. खराट्याइतकाच त्या घरचा हा जुना धडाही आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

घरधन्यांनीही एक ऐकावे. धुण्याचे पाणी आपण परसातल्या वांगी-मिरचीला सोडतो. पावडरीत सोडा असतो, म्हणजेच सोडियम. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम वाढले की माती गच्च बसते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड होते. खारपाणपट्ट्यात हे दुखणे आधीच आहे, त्यात मुठीमुठीने भर कशाला? पहिले फेसाळ पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या, शेवटचे खंगाळलेले पाणी झाडांना द्या, आणि तेही रोज एकाच वाफ्यात नको.

चमच्याचा हा सगळा हिशेब एका ठिकाणी मात्र बाजूला ठेवायचा. फवारणीचे कपडे! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष कपड्यावर बसून घरी येते आणि धुणाऱ्या बाईच्या हाताला लागते. ते कपडे घरच्या धुण्यात मुळीच मिसळू नका. त्यांची बादली वेगळी, धुणे त्याच दिवशी, हातात रबरी मोजे. आधी साध्या पाण्यातून काढायचे, मग गरम पाण्यात पावडरीचे पुरते माप घालून धुवायचे, आणि मग पुन्हा एकदा तसेच. वाळत घालायचे ते कडक उन्हात. ते पाणी विहिरीजवळ, ढोरांच्या हाळाजवळ किंवा भाजीला जाता कामा नये. पाण्यात न मिसळलेले औषध कपड्यावर सांडले असेल, तर तो कपडा धुवायचाच नाही, टाकून द्यायचा. सदरा नवा होता म्हणून हळहळू नका. घरच्या बाईला हे कपडे मुकाट्याने ढिगात टाकून देणारे पुरुष मी पाहिले आहेत. फवारणीहून आल्यावर कपडे वेगळे काढून ठेवणे आणि "हे फवारणीचे" एवढे तोंडाने सांगणे, हे काम त्यांचे.

आता तुमच्याकडचे कळवा. तुमच्या बादलीला किती चमचे लागले, फेस तिसऱ्या पाण्यात गेला की चौथ्या, ते एका कार्डावर लिहून पाठवा. पाणी नळाचे, विहिरीचे की बोअरचे, आणि गाव पूर्णेच्या कोणत्या अंगाला, हे मात्र विसरू नका. आलेल्या पत्रांतले आकडे पुढच्या एखाद्या अंकात गाववार देईन.