आठ की नऊ?

दिवाळीच्या सुट्टीत पेपर तपासणे हा आम्हा प्राध्यापकांच्या नशिबीचा फराळच. लोणावळ्याची पहाटेची थंडी, आतून चकलीचा खमंग वास आणि पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा! “अहो, तीच बेरीज किती वेळा करायची?” असे सौ. विचारते, तेव्हा मला सिल्वी फ्रेशेत आठवते.

ही कोण, म्हणाल. ही कॅनडातल्या माँट्रियालची. संगीताच्या तालावर पाण्यात नाचण्याचा एक खेळ आहे, सिंक्रोनाइज्ड स्विमिंग. आपण जलनृत्य म्हणू. दिसायला फुलासारखे, पण डोके खाली, पाय वर, श्वास कोंडलेला, तळाला पाय टेकायची मनाई. आणि वर आल्यावर हसायचे! आमच्या गावात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, तेव्हा कुंभकाचे आम्हांला नवल नाही. पण कुंभक सोडताना हसणारा साधक मी तरी पाहिलेला नाही.

सिल्वीने १९८६ साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळवले, १९९१ साली पर्थला ती जगज्जेती झाली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या तोंडावर तिच्या नियोजित वराने स्वतःचे जीवन संपवले. तरीही ती गेली. ठरावीक आकृत्यांच्या फेरीत ब्राझीलच्या पंचबाईंना द्यायचे होते ९.७, यंत्रावर उमटले ८.७. बाईंनी चूक लगेच सांगू पाहिली, पण भाषेचा घोळ झाला आणि गुण फलकावर लागले ते लागलेच. कॅनडाची तक्रार फेटाळली गेली. अखेर अमेरिकेची क्रिस्टन बॅब-स्प्रेग अवघ्या ०.१३१ गुणांनी पुढे राहिली. सोळा महिन्यांनी, डिसेंबर १९९३ मध्ये, माँट्रियालला सिल्वीच्या गळ्यात सुवर्णपदक पडले. क्रिस्टनचेही काढून घेतले नाही. तिचा बिचारीचा काय गुन्हा? मला मात्र राहून राहून त्या पंचबाईच आठवतात. एवढे महिने त्यांना झोप कशी लागली असेल?

कारण बारा वर्षांपूर्वी माझ्याच हातून ४३ चे ३४ झाले होते. मुलगी पवनेच्या खोऱ्यातली, अक्षर मोत्यासारखे. “सर, मी खरंच इतकं वाईट लिहिलं होतं का?” एवढेच तिने विचारले. पेपर काढून पाहिला. लाल शाई माझीच. दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या वर्गाचे प्रवेश संपले आणि घरच्यांनी तिचे लग्न ठरवले.

सुधारलेली गुणपत्रिका मी स्वतः नेऊन दिली. वडिलांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. रागाचा एक शब्द नाही. उलट निघताना घरचा पायलीभर इंद्रायणी तांदूळ माझ्या पिशवीत ओतला. “राहू द्या हो,” मी म्हणत होतो. त्यांनी ऐकले नाही. ती पिशवी मांडीवर घेऊन मी परतीच्या एस.टी.त बसलो. लोणावळा येईपर्यंत ती खाली ठेवायचे मला सुचले नाही.