टाकताच की टाकल्यावर?

धुळ्याचा एक तरुण गेम डिझायनर मागच्या महिन्यात त्याचा डेक-बिल्डिंग गेम घेऊन जळगावला आमच्याकडे चाचणीसाठी आला होता. विषय केळीची बाग. मृगबाग लावायची की कांदेबाग, पाणी कुठून आणायचं, करप्यावर फवारणी कधी करायची, असं करत खेळाडू स्वतःचा डेक बांधत जातो. चाचणीला बसलेली मुलगी पाचव्या फेरीपर्यंत रमून खेळली. तिच्याकडे ‘विमा’ हे कार्ड होतं. त्यावरचा मजकूर असा : ‘बाग पडली तर दहा नाणी मिळतात. फेरीच्या शेवटी हे कार्ड संपतं.’ तेवढ्यात ‘वादळ’ आलं : ‘फेरीच्या शेवटी एक बाग आडवी होते.’ गेमने आधी विमा संपवला, मग बाग पाडली. मुलीने फोन खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

कोडमध्ये चूक नव्हती. दोन्ही कार्डं आपापल्या जागी बरोबर होती. ‘फेरीच्या शेवटी’ या दोन शब्दांत दोन घटना बसवलेल्या होत्या आणि त्यांतली आधीची कोणती, हे माणसाने ठरवलंच नव्हतं. ते ठरवलं कार्डांच्या यादीने. जे कार्ड आधी लिहिलं गेलं, ते आधी चाललं.

ज्या पिकावर हा गेम बेतला आहे, त्याच्या विम्यात ही बाब किती बारकाईने लिहिलेली असते पाहा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी थंडीचा काळ वेगळा, उन्हाचा वेगळा. त्या काळात पारा सलग ठरलेले दिवस ठरलेल्या अंशापलीकडे जावा लागतो. काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचं ऊन कितीही भाजणारं असो, ते मोजलं जात नाही. या अटींना विम्याच्या बोलीत ट्रिगरच म्हणतात. रावेर-यावलचा केळी उत्पादक नुसतं ‘ऊन पडलं तर पैसे’ असं कधी वाचत नाही. कधीपासून, कधीपर्यंत, किती दिवस, हे आधी विचारतो. आपण गेम बनवणारे मात्र कार्ड काय करतं यावर आठवडे घालवतो आणि कधी करतं हे एका क्रियाविशेषणावर सोडून देतो.

मेगा क्रिट या स्टुडिओचा ‘स्ले द स्पायर’ हा डेक-बिल्डिंग गेम २०१९ मध्ये पूर्ण रूपात आला. त्यातल्या आयर्नक्लॅड या पात्राच्या सुरुवातीच्या डेकमध्ये ‘बॅश’ नावाचं एकच कार्ड असतं : ८ डॅमेज करा, मग शत्रूवर व्हल्नरेबल लावा. व्हल्नरेबल शत्रूला हल्ल्याचा मार दीडपट बसतो. पण बॅशचा स्वतःचा मार ८ च राहतो, कारण व्हल्नरेबल मागून लागतं. पुढचा ‘स्ट्राइक’ मात्र ६ चा ९ होतो. बॅशवरची दोन वाक्यं उलट लिहिली असती, तर तेच कार्ड १२ चा मार देणारं झालं असतं. पहिल्याच लढाईत खेळाडू न शिकवता शिकतो की या गेममध्ये कार्ड वरून खाली वाचायचं आणि तसंच ते चालतं. ओळखीसाठी ठेवलेल्या एका साध्या कार्डाने अख्ख्या गेमचा वेळेचा नियम सांगितला. मला हे रचनेतलं फार मोठं काम वाटतं.

आता याच प्रश्नाचं नेमकं उलट उत्तर आपल्या ओट्यावर बघा. मेंढीकोटात कट हुकूम खेळताना उतारीच्या रंगाचं पान नसलेला पहिला भिडू जे पान टाकतो, त्याचा रंग हुकूम होतो. समजा बदामची उतारी आहे आणि त्याने किलवरची दुर्री टाकली. हुकूम किलवर झाला, आणि ती दुर्री बदामच्या एक्क्यालाही मारते. पुढच्या कुणी मोठं किलवर टाकलं नाही, तर हातही तिचाच. म्हणजे इथे पान आधी नियम बदलतं आणि बदललेल्या नियमाचा फायदा पहिल्यांदा स्वतःच घेतं. बॅश तो घेत नाही. दोन्ही रचना उत्तम आहेत, कारण दोन्हींत उत्तर पक्कं आहे. हुकुमाचं पान झाकून ठेवतात त्या बंद हुकुमात ते तसं नाही. हुकूम उघडायला लावणाऱ्याने त्याच हाताला हुकूम टाकलाच पाहिजे का, हे घरागणिक बदलतं, आणि भांडण हमखास तिथेच होतं. ओट्यावर चार माणसं आवाज चढवून निकाल लावतात. गेमचा खेळाडू एकटा असतो, त्याला विचारायला कुणी नसतं.

२०२४ च्या ‘बलाट्रो’ने हा क्रम थेट खेळाडूच्या बोटाखाली आणून ठेवला. एक्क्यांची जोडी खेळली की जोडीचे १० आणि दोन एक्क्यांचे २२ असे ३२ चिप होतात, गुणक २. समोर दोन जोकर आहेत : साधा ‘जोकर’ गुणकात ४ मिळवतो, ‘द ड्युओ’ हातात जोडी असेल तर गुणक दुप्पट करतो. जोकर डावीकडून उजवीकडे चालतात. आधी बेरीज, मग दुप्पट केली तर गुणक १२ आणि गुण ३८४. उलट लावले तर गुणक ८ आणि गुण २५६. कार्डं तीच, हात तोच, फरक १२८ चा. हे अन्यायाचं वाटत नाही, कारण रांग डोळ्यांसमोर असते आणि बोटाने सरकवता येते. ‘स्ले द स्पायर’मधली रेलिक, म्हणजे खेळाडूजवळ राहणाऱ्या वस्तू, अशी सरकवता येत नाहीत. तरीही ‘पेन निब’सारखं रेलिक चोख वाटतं. दर दहावा हल्ला ते दुप्पट करतं, त्याची मोजणी एका लढाईतून दुसरीत चालू राहते आणि आकडा रेलिकवर दिसत असतो. जाणता खेळाडू किरकोळ लढाईत हात आवरतो, मोजणी ९ वर आणून थांबतो आणि दहावा घाव मोठ्या शत्रूसाठी राखतो. वस्तूचा परिणाम आणि घटनेची वेळ यांची गाठ खेळाडूला स्वतः मारता येते. धुळ्याच्या गेममध्ये त्या मुलीला नेमकं हेच मिळालं नाही.

मराठीत कार्डं लिहिणाऱ्यांशी मला याहून जवळचं एक बोलायचं आहे. चाचणीला येणाऱ्या बहुतेक कार्डांवर ‘जेव्हा तुम्ही कार्ड टाकता तेव्हा’ अशी वाक्यं असतात. ती इंग्रजी कार्डांवरून जशीच्या तशी उचललेली आहेत. मराठीला त्यांची गरज नाही. आपल्या क्रियापदातच घड्याळ आहे : टाकण्याआधी, टाकताना, टाकताच, टाकल्यावर, समोर असेपर्यंत. हे पाच वेगळे क्षण आहेत आणि आठवीतल्या मुलालाही त्यांतला फरक कानाने कळतो. ‘टाकण्याआधी’ म्हटलं की कार्ड अजून रद्द होऊ शकतं. ‘टाकताना’ म्हणजे किंमत भरली जाते, लक्ष्य निवडलं जातं. ‘टाकताच’ म्हणजे कार्डाचं स्वतःचं काम सुरू होण्यापूर्वी. किलवरची दुर्री इथली. ‘टाकल्यावर’ म्हणजे काम पुरं झाल्यानंतर. बॅशचं व्हल्नरेबल इथलं. एकदा अर्थ नेमून दिले, सगळ्या कार्डांवर तेच ठेवले आणि कोडमधल्या टप्प्यांनाही तीच नावं दिली, तर नियमांची निम्मी पानं लिहावीच लागणार नाहीत. ‘जेव्हा-तेव्हा’ कार्डावरून हद्दपार करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुदतीचंही असंच. २०२६ मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९ एप्रिलला. या सणाला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, आणि खान्देशात गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात. सालदाराचं सालही आपल्याकडे आखाजी ते आखाजी मोजतात. त्याआधीची आखाजी ३० एप्रिल २०२५ ला होती, म्हणजे ते साल ३५४ दिवसांचं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्यापुढचं साल तेरा महिन्यांचं. ‘पुढच्या आखाजीपर्यंत’ आणि ‘३६५ दिवस’ या दोन मुदती एक नाहीत आणि त्यांतला फरक माणसाच्या घामाचा आहे. कार्डावर ‘तीन फेऱ्या’ लिहायचं की ‘पुढच्या वादळापर्यंत’, हा प्रश्न याच जातीचा आहे. मुदत घटनेला बांधली तर ती घटना लांबवणारं किंवा लवकर आणणारं प्रत्येक कार्ड आपोआप मुदतीचंही कार्ड होतं. हे हवं असेल तर बेलाशक करावं, पण जाणून करावं.

वेळेचा नियम जुन्या खेळांतही आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पानं आणि दहा अवतारांचे दहा रंग असतात. दिवसा खेळ रामाच्या रंगाने उघडतो, रात्री कृष्णाच्या. बाहेर सूर्य आहे की नाही यावर हातातल्या पानाचं वजन ठरवणारी ही रचना कुठल्याही स्क्रीनच्या कितीतरी आधीची आहे. अशा खेळाचा गेम करायला घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावं लागेल की डाव चालू असताना दिवस मावळला तर काय. माझ्या मते पानं वाटताना जी वेळ असेल तीच डाव संपेपर्यंत धरावी, कारण हातातलं पान बघून खेळाडूने बेत आखलेला असतो.

धुळ्याच्या त्या मित्राने फेरीचा शेवट आता तीन टप्प्यांत फोडला आहे : आधी संकट येतं, मग भरपाई मिळते, मग मुदती संपतात. तिन्ही टप्पे स्क्रीनच्या कडेला दिसतात. कार्डांवरचे आकडे त्याने बदलले नाहीत. ती मुलगी पुन्हा बसली आणि शेवटपर्यंत खेळली.

यापुढे चाचणीसाठी गेम पाठवताना कार्डांच्या यादीसोबत एक कागद जोडा. फेरीचे टप्पे कोणते, एका टप्प्यात दोन परिणाम आले तर आधी कोणता, आणि हे खेळाडूला स्क्रीनवर कुठे दिसतं, एवढंच त्यावर लिहा. तो कागद आम्ही गेमच्या आधी वाचू.